पट १७: आमच्या वाडीची शाळा, तिचे पैसे आणि मुलांचं वाचन

घाटमाथा

नमस्कार. धागा लांबला आहे, पण वाचून उत्तर द्या ही विनंती. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मी आमच्या शाळेचा विषय मांडणार आहे. त्याआधी मला जे नीट कळलेलं नाही ते समजून घ्यायचं आहे.

मी आमच्या वाडीच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष आहे. जिल्हा-तालुका लिहीत नाही. शाळेत दोनच शिक्षक आहेत, दोघंही मनापासून शिकवतात, माझ्या लिहिण्याचा त्रास त्यांना व्हायला नको. पहिली ते पाचवी, दोन खोल्या, पट १७. मी याच शाळेत होतो तेव्हा पट ६४ होता. आता सकाळी सव्वासातला खालच्या रस्त्यावर इंग्रजी शाळेची पिवळी गाडी येते आणि वाडीतली ११ मुलं तिच्यात बसून जातात. मागे उरली ती १७. त्यांत ५ धनगरवाड्यावरची, ३ भावंडं वीटभट्टीवर जाणाऱ्या घरातली, बाकीची आमच्यासारख्या दोन-तीन एकरवाल्यांची. माझी धाकटी तिसरीत आहे.

समितीचा अध्यक्ष म्हणून दर महिन्याला सभा घेतो, इतिवृत्तावर सही करतो. आधी वाटायचं शाळा चालवतोय. एक वर्ष झाल्यावर कळलं की शाळेत शिक्षक किती, ते कोण, पैसे किती आणि कधी, परीक्षा कोणती, यातलं काहीही आमच्या सभेत ठरत नाही. सगळं एका आकड्यावरून वर कुठेतरी ठरतं, तो आकडा म्हणजे पट. तो ३० सप्टेंबरला मोजतात.

पैशाचं सांगतो. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला वर्षाला संयुक्त अनुदान, म्हणजे किरकोळ खर्चासाठी एकत्रित रक्कम, मिळतं. पट ३० पर्यंत असेल तर १०,००० रुपये. त्यातला दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च करायचा. उरलेल्या ९,००० मध्ये खडू, रजिस्टरं, झाडू, फिनेल, टाकी धुणं, नळाची तोटी, दाराची कडी, प्रिंटरची शाई, नेटचा रिचार्ज आणि वीजबिल. गेल्या वर्षी बिल थकलं म्हणून मीटर काढून नेलं. गावकऱ्यांनी वर्गणी काढून दिलेला टीव्ही पाच महिने कापड घालून झाकून होता.

आता खरं दुखणं. मागच्या महिन्यात बाईंना विचारून मी तिसरी ते पाचवीच्या ९ मुलांना एकेकटं शेजारी बसवलं आणि दुसरीच्या पातळीची एक गोष्ट वाचायला दिली. ४ जणांनी पूर्ण वाचली. ३ जण वाक्य वाचत होते, पण जोडाक्षर आलं की थांबत होते. दोघांना सुटे शब्दच येत होते. हातच्याची वजाबाकी ९ पैकी ३ जणांना आली. याच मुलांची प्रगतिपत्रकं काढून बघितली, तर बहुतेकांना अ-२ आणि ब-१, म्हणजे चांगल्याच श्रेण्या. पाचवीतला एक मुलगा वाचता वाचता थांबला आणि मला म्हणाला, "काका, हे आम्हाला झालं नाही अजून." रात्री मला झोप लागली नाही. तो मुलगा पाच वर्षं रोज शाळेत येतोय.

माझे प्रश्न तीन. एक, समितीच्या हातात खरोखर काय आहे? दोन, १०,००० मध्ये शाळा कशी चालवायची, अजून कुठून पैसे येऊ शकतात? तीन, मुलं वाचत नाहीत हे ग्रामसभेत मांडलं तर शिक्षकांवर राग निघेल आणि शाळा बंद करा म्हणणाऱ्यांना आयतं कोलीत मिळेल. मग मांडायचं की नाही?

दुहेरीवर्ग

मी शिक्षक आहे, द्विशिक्षकी शाळेवर १४ वर्षं. दादा, पहिल्यांदा तुमचे आभार, कारण मुलांना एकेकटं बसवून वाचून घेणारा अध्यक्ष मी अजून पाहिलेला नाही.

अनुदानाची एक गोष्ट तुमच्या ग्रामसभेला नक्की सांगा. समग्र शिक्षा २०१८-१९ ला आली. त्याआधी सर्व शिक्षा अभियानात प्राथमिक शाळेला शाळा अनुदान ५,००० मिळायचं, तीन खोल्यांपर्यंतच्या शाळेला देखभाल दुरुस्तीचे ५,००० आणि प्रत्येक शिक्षकाला शैक्षणिक साहित्यासाठी ५००. तुमच्या दोन खोल्या, दोन शिक्षकांच्या शाळेचा हिशोब करा. ५,००० अधिक ५,००० अधिक १,०००, म्हणजे ११,०००. आज १०,०००. मधल्या काळात फिनेलची बाटली, सुताराची मजुरी, विजेचा दर कुठे गेले ते तुम्हीच बघा. पट ३१ झाला की हेच अनुदान २५,००० होतं. पण ३० मुलांच्या शाळेलाही छप्पर एकच असतं आणि १७ मुलांच्या शाळेलाही. गळती पट बघून थांबत नाही.

आणि पैसे येतात कधी? आमच्याकडे बहुतेक वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये. पूर्वी समितीच्या खात्यात रक्कम जमा व्हायची. २०२१ पासून एकल खात्याची पद्धत आली, आता खात्यात पैसे नसतात, खर्चाची मर्यादा दिसते. पीएफएमएस या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर दुकानदाराचं नाव चढवायचं, बिल लावायचं, ३१ मार्चच्या आत सगळं संपवायचं. नाही संपलं तर मर्यादा परत जाते. वाडीवरच्या सुताराकडे पक्कं बिल कुठून असणार? म्हणून कडी बसवायलाही तालुक्याहून माणूस आणावा लागतो. जूनमध्ये खडू लागतात तेव्हा मुख्याध्यापक स्वतःच्या खिशातून आणतो. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही, असं चालतं एवढंच तुम्हाला माहीत असावं.

वाचनाबद्दल. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी-पाचवी. त्यात एका शिक्षकाकडे मतदार यादीचं काम असतं, कधी प्रशिक्षण, कधी केंद्राची सभा, कधी माहिती आजच्या आज पाठवा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढीच कामं शिक्षकाला देता येतात असं आहे, पण निवडणुकीचं काम आता वर्षभर संपत नाही. त्या दिवशी एकच शिक्षक पाच वर्ग सांभाळतो. अशा वेळी पहिलीच्या मुलाचं अक्षर आणि पाचवीच्या मुलाचा भागाकार, दोन्ही एकाच माणसाकडून मागताय हे ध्यानात ठेवा.

मुळामुठा

शहरातला माणूस आहे, म्हणून भाबडा प्रश्न. शाळेला वर्षाला १०,००० म्हणजे एका मुलामागे ६०० रुपयेसुद्धा नाहीत. पण दोन कायम शिक्षकांचा पगार धरला तर १७ मुलांवर सरकारचा खर्च बराच होतो ना? मग "पैसे नाहीत" हे कसं?

दुहेरीवर्ग

बरोबर विचारलंत. पगार सरकार देतं, शालार्थ प्रणालीतून. तो शाळेच्या हातातला पैसा नाही. अर्थसंकल्प बघणाऱ्याला १७ मुलांची शाळा महाग वाटते ती पगारामुळे, आणि शाळेत बसलेल्याला ती गरीब वाटते ती पगार सोडून काहीच नसल्यामुळे. दोघंही खरं बोलतात. म्हणूनच वाद मिटत नाही.

निवृत्त केंद्रप्रमुख

३१ वर्षं नोकरी झाली, शेवटची ९ वर्षं केंद्रप्रमुख होतो. ११ शाळांचं केंद्र. अध्यक्ष महाराज, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. थोडं मागे जावं लागेल.

१ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि प्राथमिक शिक्षण त्यांच्याकडे आलं. कल्पना अशी की जिल्ह्याने निवडून दिलेली माणसं शिक्षण समितीत बसतील, सभापती असेल, शिक्षणाधिकारी त्यांना उत्तर देईल. खाली पंचायत समिती आणि गटशिक्षणाधिकारी, मग विस्तार अधिकारी, केंद्रप्रमुख, मुख्याध्यापक. नोकरीतल्या पहिल्या वर्षांत मी शिक्षण समितीच्या सभेत सदस्यांना गळक्या खोल्यांवरून टेबल ठोकताना पाहिलं आहे. त्यात राजकारण होतं, बदल्यांसाठी चिठ्ठ्या येत, ते मी नाकारत नाही. पण गावातला माणूस ज्याच्या दारात जाऊन उभा राहू शकतो असा कुणीतरी त्या व्यवस्थेत होता.

मार्च २०२२ मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली. आरक्षणाच्या खटल्यात निवडणुका अडकल्या आणि तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासक बसला. सदस्य नाहीत म्हणजे शिक्षण समिती नाही. याच काळात लहान शाळांबद्दलचे सगळ्यांत मोठे निर्णय झाले. सप्टेंबर २०२३ मध्ये कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले गेले. नंदुरबारचं तोरणमाळ आणि पुण्याचं पानशेत ही उदाहरणं समोर ठेवली. २० पेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा तेव्हा मोजल्या होत्या. १५ मार्च २०२४ ला संचमान्यतेचे, म्हणजे पटावरून शाळेला शिक्षकांची पदं ठरवण्याचे, नवे निकष आले, ५ सप्टेंबर २०२४ ला कमी पटाच्या शाळेवर एक शिक्षक कंत्राटी नेमण्याचा निर्णय आला. २५ तारखेला शिक्षकांनी सामूहिक रजा टाकली आणि पुढे त्यात बदल झाले. हे निर्णय चूक की बरोबर हा वेगळा वाद. पण जिल्ह्यात त्यावर प्रश्न विचारायला निवडून आलेलं कुणीही जागेवर नव्हतं, याची मला आजही खंत वाटते.

आता समिती. पूर्वी ग्रामशिक्षण समिती होती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने व्यवस्थापन समिती आणली. तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या महिला, अध्यक्ष पालकांतूनच. अधिकार किती टिकतात त्याचं एक उदाहरण देतो. गणवेशाचे पैसे पूर्वी समितीकडे यायचे, दोन जोडांना ६००. समिती गावातल्या किंवा बाजारच्या शिंप्याकडून शिवून घ्यायची, १५ ऑगस्टला मुलं नव्या कपड्यांत झेंड्याला उभी असायची. २०२४-२५ ला राज्याने एकच कापड, एकच रंग ठरवून ते वरून पाठवायचं ठरवलं. दिवाळी झाली तरी कित्येक शाळांत गणवेश पोचले नव्हते. डिसेंबर २०२४ मध्ये अधिकार पुन्हा समित्यांना दिला. म्हणजे जे काम गावातल्या चार आया विनासायास करत होत्या, ते वर नेलं, बिघडलं आणि परत खाली आणलं.

पण तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी कुणी काढून घेतलेली नाही आणि जी जवळजवळ कुणी वापरत नाही. कलम २२, शाळा विकास आराखडा. समितीने तीन वर्षांचा आराखडा करायचा, त्यात प्रत्येक वर्षाचा वेगळा भाग. वर्गवार पट किती होईल, शिक्षक किती लागतील, खोल्या-शौचालय-पाणी काय लागेल, पैसे किती लागतील. आणि कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे की सरकारने आणि स्थानिक प्राधिकरणाने द्यायच्या अनुदानाचा आधार हा आराखडा असेल. आर्थिक वर्ष संपण्याच्या किमान तीन महिने आधी तो तयार हवा, म्हणजे डिसेंबरच्या आत. माझ्या ११ शाळांपैकी किती शाळांनी तो स्वतः बसून केला? एका शाळेने. बाकी दहा मुख्याध्यापकांनी एकमेकांचा उतरवून फायलीला लावला आणि मी त्यावर सह्या केल्या. माझी ती चूक होती. तुम्ही ती करू नका.

नदीकाठ

मी वेगळं मत मांडते, राग मानू नका.

माझी मुलगी सातवीत आहे. आमची शाळा पहिली ते आठवी, पण सहावी ते आठवी मिळून मुलं १४. २०२४ च्या निकषात या तीन वर्गांचा पट २० च्या आत असेल तर शिक्षकाचं पदच नाही. आमच्याकडे एक सर आहेत तेच गणित, विज्ञान, इंग्रजी, इतिहास, सगळं शिकवतात. ते बिचारे भूगोलाचे. माझ्या मुलीने अजून लिटमस कागद पाहिलेला नाही. वर्गात ४ मुली. वादविवाद नाही, खेळाचा संघ नाही, कुणाशी चुरस नाही. साडेचार किलोमीटरवर चांगली शाळा आहे, तिथे विषयवार शिक्षक आहेत, मैदान आहे. मला शाळेचं नाव वाचवायचं नाहीये, मला मुलगी शिकायला हवी आहे. गाडीची खात्री देत असाल तर माझी मुलगी उद्या पाठवते.

"गावची शाळा बंद होता कामा नये" म्हणणाऱ्यांतल्या कित्येकांची स्वतःची मुलं त्या पिवळ्या गाडीत असतात, हेही कुणीतरी म्हणायला हवं.

घाटमाथा

ताई, राग कसला. तुमचं शेवटचं वाक्य मला लागलं, कारण माझा थोरला त्याच गाडीतून जात होता. दोन वर्षं गेला. फी झेपेना म्हणून नव्हे, तो घरी येऊन काही बोलेनासा झाला म्हणून काढला. त्याला इंग्रजी कविता पाठ होत्या, पण त्यातला "रेन" म्हणजे पाऊस हे त्याला माहीत नव्हतं.

सहावीच्या पुढच्या मुलांबद्दल तुमचं म्हणणं मला पटतंय. पण माझ्या १७ मध्ये सहा वर्षांची पोरं आहेत. धनगरवाड्यावरून शाळेत यायला त्यांना आत्ताच अर्धा तास लागतो, मध्ये ओढा आहे. पावसात ओढा फुगला की ती येतच नाहीत. पहिलीच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत शाळा हा नियम कुणीतरी अशाच ओढ्याकडे बघून केला असणार. शाळा चार किलोमीटर लांब गेली तर ती पाच पोरं मेंढरांमागे जातील. गाडी पहिल्या वर्षी येईल. दुसऱ्या वर्षी बिल थकेल. आमच्या मीटरसारखं.

बालाघाट

ऊसतोडीच्या भागात शिकवते. पट ३० सप्टेंबरला मोजतात, इथेच आमचं गणित चुकतं. सप्टेंबरला माझ्या वर्गात २६ मुलं असतात. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतात, बैलगाड्या निघतात, आणि वर्गात ११ राहतात. हंगामी वसतिगृहाची योजना आहे, आजी-आजोबांकडे थांबणाऱ्या मुलांना जेवण मिळतं. जिथे ती वेळेवर सुरू होते तिथे मुलं थांबतात. उशीर झाला की आई मुलाला बरोबर घेऊन जाते, कारण उपाशी कुणाच्या भरवशावर ठेवणार? मार्च-एप्रिलला मुलं परत येतात तेव्हा त्यांना अक्षरं विसरायला झालेली असतात, आणि लगेच परीक्षा.

आधारचं बघून घ्या, घाटमाथादादा. आता पट म्हणजे नुसता हजेरीपट नाही. आधार जुळलेली मुलंच संचमान्यतेत धरतात. नावात एक काना जास्त असला, जन्मतारीख एक दिवस पुढे असली तरी मूल वर्गात बसलेलं असून कागदावर नसतं. माझी एक विद्यार्थिनी दोन वर्षं रोज आली आणि मोजली गेली नाही. २०११ च्या ऑक्टोबरात पटपडताळणी झाली तेव्हा खोटी मुलं सापडली होती, तेव्हापासून ही कडक मोजणी हवीच होती हे मला मान्य आहे. पण आता खरं मूल गळतंय.

मुळामुठा

खाजगी शाळांतल्या २५ टक्के राखीव जागांमुळेही जिल्हा परिषदेचा पट उतरतो का? मध्ये त्याचा काहीतरी निर्णय झाला होता.

निवृत्त केंद्रप्रमुख

फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलला होता. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर त्या खाजगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट. मुंबई उच्च न्यायालयाने तो जुलै २०२४ मध्ये रद्द केला. माझ्या मते बरोबर केलं. गरिबाच्या पोराला अडवून आपला पट वाढवायचा हा मार्ग नव्हे. तसंही वाडीवस्तीच्या शाळेवर त्याचा परिणाम थोडा, पिवळ्या गाडीचा जास्त.

हडसनपलीकडे

न्यू जर्सीत राहतो, मूळचा सांगलीचा, शिक्षण जिल्हा परिषद शाळेत. माझी दोन मुलं इथल्या एका लहानशा स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे गावाच्या शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेच्या शाळेत, आहेत. धागा वाचून राहवलं नाही. तुलना करायची म्हणून नाही, पैशाची तर होऊच शकत नाही, इथे एका मुलामागे वर्षाला २०,००० डॉलरच्या वर खर्च होतो. पण प्रश्न ओळखीचे वाटले.

या एका राज्यात जवळजवळ ६०० डिस्ट्रिक्ट आहेत. काहींत एकच शाळा. बहुतेकांचं निवडून आलेलं मंडळ, सदस्यांना मानधन नाही. पैशाचा मोठा हिस्सा घरपट्टीतून येतो, म्हणजे माझ्या घराच्या करातून. बाकी राज्याकडून, त्याचं सूत्र २००८ च्या कायद्याने ठरलं. २०१८ मध्ये त्यात बदल केला आणि जिथे मुलं कमी झाली अशा बऱ्याच डिस्ट्रिक्टची मदत सात वर्षांत टप्प्याटप्प्याने कापली. घरपट्टी वर्षाला २ टक्क्यांहून जास्त सहज वाढवता येत नाही. मग लहान डिस्ट्रिक्ट संगीताचा शिक्षक कमी करतं, बस कमी करतं. पट उतरला की मदत उतरते, पण छप्पर तेवढंच राहतं. दुहेरीवर्ग सरांचं वाक्य वाचून मी थांबलोच.

दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली, मंडळाच्या सभा कायद्याने उघड्या असतात. अर्थसंकल्पावर जाहीर सुनावणी होते. मी दोनदा उठून प्रश्न विचारला, एकदा छताच्या कंत्राटाबद्दल. उत्तर मिळालं, कागद मिळाला. दुसरी गोष्ट नदीकाठताईंसाठी. इथे कित्येक लहान गावांत शाळा आठवीपर्यंतच आहे. पुढची मुलं शेजारच्या डिस्ट्रिक्टच्या हायस्कूलला जातात आणि त्यांच्या शिक्षणाचे पैसे गावचं मंडळ त्या डिस्ट्रिक्टला देतं. लहान मुलं गावात राहतात, मोठी मोठ्या शाळेत जातात, आणि पैसा मुलाच्या मागे जातो. गावची शाळा त्यासाठी बंद करावी लागत नाही.

निकालाबद्दलही एक. शाळेचे निकाल राज्य दरवर्षी जाहीर करतं, पण गटात मुलं फार कमी असली तर आकडा छापत नाहीत. एक तर मुलाची ओळख उघडी पडते. माझ्या मते दुसरंही कारण पुरेसं आहे: चार मुलांच्या वर्गात एक मूल तापाने पडलं की टक्का पाऊणशेवर येतो, त्यावरून शाळा चांगली की वाईट ठरवता येत नाही.

दुहेरीवर्ग

अगदी हेच मला म्हणायचं होतं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. दादा, ग्रामसभेत टक्के सांगू नका. मुलांची नावंही सांगू नका. ९ मुलं, त्यांतली कोण अक्षरावर, कोण शब्दावर, कोण उताऱ्यावर, कोण गोष्टीवर, एवढंच संख्येत सांगा. मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या असर या सर्वेक्षणाचे लोक २००५ पासून घरोघर जाऊन असंच बघतात. २०२४ ला देशभरात सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी २३.४ टक्के मुलं दुसरीचा मजकूर वाचू शकली. २०२२ मध्ये, कोविडनंतर, तो आकडा १६.३ होता. म्हणजे तुमची मुलं एकटी मागे नाहीत आणि तुमच्या बाईंनी काही वेगळा गुन्हा केलेला नाही. ९ मुलांचा उपयोग एकच: प्रत्येकाला पुढच्या पायरीवर कसं न्यायचं हे नावानिशी ठरवता येतं. ४० मुलांच्या वर्गात मला ते जमलं नसतं.

आणि हे बाईंना आधी दाखवा. ग्रामसभेत पहिल्यांदा ऐकायची वेळ त्यांच्यावर आणू नका.

घाटमाथा

मंडळी, ग्रामसभा झाली. उशिरा लिहितोय, सोयाबीन काढणीत होतो.

दुहेरीवर्ग सरांनी सांगितलं तसं केलं. आदल्या शनिवारी बाई, सर आणि मी शाळेत बसलो. बाईंना मी आकडे दाखवले तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी पर्समधून स्वतःची वही काढली. त्यांनी जुलैमध्येच सगळ्या १७ जणांचं वाचन घेतलं होतं, माझ्यापेक्षा बारकाईने. कुठे मात्रा चुकते, कुठे रफार चुकतो, सगळं लिहिलेलं. मी विचारलं, हे प्रगतिपत्रकात का नाही? म्हणाल्या, "तिथे लिहिलं तर वरून विचारणा येते, उपाय करायला माणूस येत नाही." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती वही आता समितीच्या सभेत दर महिन्याला उघडायची असं ठरलं. वही बाईंकडेच राहील, बाहेर जाणार नाही.

पट ३० सप्टेंबरला १६ भरला. वीटभट्टीवाल्या घरातल्या एका पोराच्या आधारवर वडिलांचं नाव वेगळं पडलंय. बालाघाटताई, तुमच्यामुळे आम्ही आधी तपासलं, नाहीतर १४ झाला असता. दोघांची नावं तालुक्याला जाऊन दुरुस्त केली, त्यासाठी दोन आयांची दोन दिवसांची मजुरी बुडाली. ती समितीने भरून द्यायची की नाही यावर आमच्यात वाद झाला. शेवटी वर्गणीतून दिली.

ग्रामसभेत मी ११,००० आणि १०,००० चा हिशोब फळ्यावर लिहिला. तेवढ्याने सभा शांत झाली. ग्रामपंचायतीने वीजबिल आपल्या निधीतून भरण्याचा ठराव केला आहे. मीटर परत बसलं की कळवतो. ओढ्यावर साकवाची मागणीही लिहून घेतली आहे, तिच्यावर माझा अजून विश्वास नाही. एकाने उठून विचारलं, १६ पोरांसाठी एवढं कशाला, सरळ बंद करा. धनगरवाड्यावरची एक आजी उभी राहिली आणि म्हणाली, माझ्या घरात शाळेत गेलेलं पहिलं माणूस ही नात आहे, तिला कुठे नेऊ ते तू सांग. त्याने उत्तर दिलं नाही. पण त्याची मुलगी गाडीतून जाते हेही कुणी काढलं नाही, आणि ते बरं झालं. तो उद्या समितीत हवा आहे मला.

बुधवारी आणि शनिवारी संध्याकाळी देवळाच्या ओसरीवर वाचन सुरू केलं आहे. मी, दोन आया आणि बारावी झालेली एक मुलगी. पाचवीतला तो मुलगा येतो. सध्या उताऱ्यावर आहे.

आता आराखडा. डिसेंबरच्या आत करायचा आहे आणि कोरा कागद समोर आहे. निवृत्त केंद्रप्रमुख, तुम्ही म्हणालात की एका शाळेने स्वतः बसून केला होता. त्याची प्रत तुमच्याकडे असेल तर पाठवाल का?

निवृत्त केंद्रप्रमुख

व्यक्तिगत निरोपातून पाठवली आहे, हाताने लिहिलेली २२ पानं आहेत, फोटो थोडे पुसट आलेत. तिसऱ्या पानावरचा वर्गवार पटाचा तक्ता आधी भरा. त्यात अंगणवाडीतली मुलं धरायला विसरू नका, पुढच्या जूनची पहिली तिथेच बसलेली आहे.